नवं पुस्तक घ्यायचं का?

परवा कँटीनमध्ये आमच्या ग्रुपचं चक्क भांडण झालं. सबमिशनवरून नाही, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'वरून! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कागद, पेन्सिल, वीस बाजूंचा फासा आणि भरपूर कल्पनाशक्ती यांवर चालणारा हा खेळ, १९७४ पासूनचा. आम्ही खेळतो २०१४ ची पाचवी आवृत्ती. २०२४ मध्ये तिचीच सुधारित नियमावली आली, आणि "अपग्रेड करायचंच" म्हणून दोघं हटून बसलेत.

त्यांचं अगदीच चूक नाही. जुन्या नियमांत तलवारवाल्याने दर वेळी नुसता वार करायचा, मजा सगळी जादूगाराची. नव्यात प्रत्येक शस्त्राची वेगळी करामत आहे: एखादं शत्रूला मागे ढकलतं, एखादं आडवं पाडतं. जखम भरणारा साधा मंत्रसुद्धा आता एकाऐवजी दोन फासे देतो. (आमचा फायटर वर्षभर जांभया देतोय, हे मला मान्य आहे.)

पण पुस्तकं तीन, आणि मेसचं बिल अजून थकलेलं! शिवाय आमची गोष्ट अर्ध्यावर आहे. गेम चालवणारी आमची ताई फायनल इयरला, मे महिन्यात ती जाणार. उरलेल्या रविवारी ड्रॅगनला गाठायचं की नवे नियम पाठ करत बसायचं? नव्या नियमांचा गाभा कंपनीनेच नेटवर फुकट ठेवलाय. त्यातल्या शस्त्रांच्या करामती तेवढ्या उचलू, बाकी जुनंच चालू दे. जूनमध्ये नवा ग्रुप जमला की खुशाल वर्गणी काढा, माझे पैसे पहिले.

रविवारी मतदान आहे. फायटरला मी वडापाव कबूल केलाय.