विमानाने निघालात तरी डबा घ्या

विमानाने जायचं म्हणून डबा घरी ठेवू नका. देशातल्या देशात जात असाल तर तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, पोळीचा लाडू हातातल्या पिशवीत खुशाल न्या. कोरड्या घरच्या खाण्याला सहसा कोणी अडवत नाही. विमानतळावर बसून डबा उघडायला लाजूही नका. मुलांना भूक लागते तेव्हा तोच उपयोगी पडतो.

मिरचीचं लोणचं मात्र हातातल्या सामानात चालत नाही. ते मोठ्या बॅगेत नीट बांधून टाका. तूप आणि रस्साही तिथेच. नाहीतर तपासणीच्या ठिकाणी सगळं टाकून द्यावं लागेल आणि जीव हळहळेल.

पाण्याची बाटली रिकामी न्या. आत पिण्याच्या पाण्याची सोय असते, तिथे भरा.

कॉफीची तलफ आली तर जरूर घ्या, पण आधी दर विचारा. चौघांनी कॉफी आणि सँडविच घेतलं की हजार रुपये सहज जातात. स्वस्त सोय आहे का, हेही विचारा. कोलकाता विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाला. तिथे सुरुवातीला चहा १० रुपयांना, कॉफी आणि समोसा प्रत्येकी २० रुपयांना ठेवला होता. पुढे चेन्नईतही तसा कॅफे आला.

दुकानातून बंद पाकीट घेताना छापील किंमत वाचा. एकाच वस्तूवर दोन ठिकाणी दोन वेगळ्या किमती छापायला १ जानेवारी २०१८ पासून बंदी आहे. दुकानदाराने जास्त घेतले तर भांडत बसू नका. बिल जपून ठेवा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

सोडा आणि थंड फसफसणारी पेयं टाळा. वर हवेचा दाब कमी होतो, पोटातला वायू फुगतो आणि प्रवासभर अस्वस्थ वाटतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. आधी सुरक्षा तपासणी उरका. मग आपलं गेट डोळ्यांनी पाहून या. खाणंपिणं त्यानंतर. मुंबईसारख्या विमानतळावर प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही. कॉफी पीत बसलात तर नाव पुकारून बोलावतील, या भरवशावर राहू नका. देशांतर्गत विमानाचं गेट साधारण २५ मिनिटं आधी बंद होतं. एकदा बंद झालं की विनवण्यांनी उघडत नाही. तिकिटाचे पैसे जातात. लग्नकार्याला निघालेलं माणूस तिथेच अडकतं. म्हणून पडद्यावर अधूनमधून नजर टाका. गेट बदललेलंही असू शकतं.

आई-वडील एकटे निघाले असतील तर त्यांच्या पिशवीत दोन वेळचं खाणं द्या. विमानाला उशीर होतो, आणि मधुमेहाची गोळी घेणाऱ्याने उपाशी राहणं धोक्याचं असतं. पैसे वाचवायला ते स्वतःहून काही विकत घेणार नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे. त्यांच्या फोनमध्ये विमान सुटण्याच्या तासभर आधीचा गजरही लावून द्या.