शून्य कोणाचं?

"मराठीत हे कोणी शोधतच नाही, मग लिहायचं कशाला?" शिष्यवृत्तीवर लेख सुचवला की हे उत्तर मिळतं. पुरावा म्हणून गूगल कीवर्ड प्लॅनरचा आकडा पुढे केला जातो.

तो आकडा नीट वाचा. हे साधन जाहिरातदारांसाठी आहे. जाहिरातीवर खर्च न करणाऱ्याला ते बहुधा '१०० ते १,०००' असा मोघम आकडा दाखवतं. तोही सहसा १२ महिन्यांची सरासरी. अर्ज भरायच्या एकाच महिन्यात १,२०० शोध झाले आणि बाकी वर्ष कोरडं गेलं, तर सरासरी फक्त १००.

पण प्रश्न नुसत्या गणिताचा नाही. शोधायला आधी नाव माहीत लागतं. 'राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती' हे शब्द ज्या घरात कधी कानावर पडले नाहीत, तिथली मुलगी ते टाइप कसे करणार? तिचं अज्ञात राहणं 'मागणी नाही' म्हणून मोजलं जातं. मग लेख येत नाही, नाव कळत नाही, आकडा पुन्हा शून्य.

कृष्णराजनगर ज्यांच्या नावाने वसलं, त्या कृष्णराज वाडियारांच्या म्हैसूर संस्थानात १९१८ साली मिलर समिती नेमली गेली. सरकारी नोकरीत ब्राह्मणेतर कमी दिसतात, याचा अर्थ तिने 'त्यांना नोकरी नको' असा लावला नाही. वरच्या निम्म्या आणि खालच्या दोन तृतीयांश जागा त्यांना द्या, अशी शिफारस केली.

गैरहजेरी म्हणजे अनिच्छा नव्हे. पहिल्या पिढीच्या पदवीधरांनो, तुम्हाला कळलेलं प्रत्येक योजनेचं नाव मराठीत लिहा. शोध त्यानंतर सुरू होतो.