भाकरी कोण थापतं?

अमावास्येमुळे शेतातली कामं बंद होती, म्हणून निमोण्यातली बचत गटाची बैठक त्या दिवशी दुपारीच उरकली. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या. एरवी मी चहा घेऊन, गप्पा मारून निघते. त्या दिवशी मात्र पिशवी उचलली तेव्हा एकीनं विचारलं, "का वं ताई, आज लई घाई?" मी सांगितलं, "पुण्यात मैत्रिणी थांबल्यात. आधी पर्वती चढणार आणि मग बाहेरच जेवणार."

क्षणभर सगळ्या गप्प झाल्या. मग गटातल्या एका वयस्कर मावशींनी विचारलं, "आन् मंग घरी भाकरी कोन थापतं?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. उत्तर मात्र दिलं नाही. शिरूरपासून पुण्यापर्यंत एस.टी.त तो प्रश्न माझ्या शेजारी बसून होता.

उत्तर खरं तर सोपं आहे. माझ्या घरी स्वयंपाकाला एक बाई येतात. त्या पाच घरचा स्वयंपाक करतात आणि मग आपल्या घरी जाऊन सहावा करतात. माझी संध्याकाळ मोकळी होते ती त्यांच्या संध्याकाळीच्या जिवावर. नवरा समजूतदार आहे, म्हणजे मी गेले तर तो हरकत घेत नाही. पण हरकत न घेणं आणि भाकरी थापणं यांत बरंच अंतर आहे!

आम्ही पाचजणी समाजकार्याच्या एकाच वर्गातल्या. एक रुग्णालयात आहे, एक समुपदेशन केंद्रात, बाकीच्या माझ्यासारख्या गावोगाव हिंडणाऱ्या. दिवसभर मारहाण, सोडचिठ्ठी, कर्ज हेच ऐकायचं. महिन्यातून एकदा पर्वतीच्या शंभरावर पायऱ्या धापा टाकत चढायच्या, वर वारं खात बसायचं आणि मग खाली उतरून जेवायचं. या जेवणातली खरी चैन म्हणजे कुणाच्या ताटात काय संपलं हे बघावं लागत नाही आणि गरम पोळी आधी आपल्या ताटात पडते. घरी हे किती दिवस घडतं, ते आठवून बघा.

पण तिथंही साडेआठ वाजले की फोन वाजू लागतात. "डबा कुठं ठेवलाय?" "अजून किती वेळ?" आमच्यातली एकजण सासरी "मीटिंग आहे" असं सांगून येते. दिवसभर दुसऱ्या बायांना "ठामपणे बोला" असं शिकवणारी ही बाई! तिला हसण्याचा अधिकार आम्हाला नाही. आम्हीही कधी ना कधी तेच केलं आहे.

बाईला बाहेर पडायला कारण लागतं. दवाखाना, शाळेची सभा, देवदर्शन, नोकरी ही कारणं चालतात. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली 'व्हाय लॉइटर?' या पुस्तकात मुंबईतल्या बायांबद्दल हेच मांडलं होतं. रस्त्यावरच्या बाईला आपण कामासाठी आलो आहोत हे सतत दाखवावं लागतं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं बाईच्या संमतीनं आणि सुरक्षिततेच्या अटींवर रात्री साडेनऊनंतरही काम करण्याची मुभा दिली. मालकाच्या कामासाठी रात्र मान्य झाली. मैत्रिणींसाठी मात्र संध्याकाळसुद्धा मान्य होत नाही.

गावातल्या बायांना हे सुख कधी मिळालंच नाही, असंही नाही. नागपंचमीचे झोके, फेर, झिम्मा, फुगडी, मंगळागौरीचं जागरण हे सगळं काय होतं? मैत्रिणी, व्यायाम आणि गोडधोड, तेही रात्री उशिरापर्यंत. पण त्याला सणाचं, व्रताचं, नवऱ्याच्या आयुष्याचं निमित्त लागायचं. निमित्त संपलं की बाई पुन्हा चुलीपुढं.

"आमाला कशाला येगळा व्यायाम? खुरपून खुरपून कंबर मोडतीया," असं बाया म्हणतात. त्यांचं खरं आहे आणि अपुरंही आहे. वाकून केलेल्या खुरपणीनं झिजलेलं अंग आणि मोकळेपणानं ताणलेलं अंग यांत फरक आहे. शिवाय जी सर्वांत जास्त राबते ती सर्वांत शेवटी, उरलंसुरलं खाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणून आपल्यासाठी व्यायाम आणि जेवण हे दोन वेगळे प्रश्न नाहीत.

आणि वेळेचं काय? केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ९७. २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले. बायांची दहा मिनिटं वाचली, पण पुरुषांनीही आपली नऊ काढून घेतली. मग आपल्या वाट्याचा भार त्यांनी उचलला असं कसं म्हणायचं?

मला वाटतं, आपल्या चळवळीनं संध्याकाळ हा विषय गंभीरपणे घ्यायला हवा. मजुरी, जमीन, हिंसा यांच्यापुढं तो किरकोळ वाटतो. पण जिला स्वतःचे दोन तास मागता येत नाहीत, ती सातबाऱ्यावर नाव कसं मागणार? २०२३ पासून एस.टी.त बायांना अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो, हे चांगलंच झालं. पण अंधार पडल्यावर परतीची गाडी नसेल, तर त्या सवलतीचा संध्याकाळी काय उपयोग? तालमीची जागा गावानं पोरांसाठी राखली, मग बायांसाठी तासभर का नको? या मागण्या ग्रामसभेत मांडता येतील. तिसरी मागणी मात्र घरातच मांडावी लागेल आणि ती सगळ्यांत अवघड आहे.

पुढच्या बैठकीत मी मावशींना माझं उत्तर खरं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे तुमचं बी आमच्यावानीच की!" मग ठरलं, की महिन्यातून एकदा हिशेबानंतर अर्धा तास फुगडी खेळायची, सण असो नसो. आणि त्या संध्याकाळी घरी जाऊन कुणीही चुलीला हात लावायचा नाही. काहीजणी "बघू" म्हणाल्या, एकीनं नुसतीच मान खाली घातली. मीही स्वयंपाकाच्या बाईंना त्या दिवशी पगारी सुट्टी द्यायची आणि नवऱ्यानं स्वयंपाक करायचा, असं घरी सांगितलं आहे. पहिल्या खेपेला खिचडी करपली. करपू दे. आमच्याही पहिल्या भाकऱ्या करपल्याच होत्या.

मैत्रिणींनो, तुम्हीही एक संध्याकाळ ठरवा. आणि ठरवताना मावशींचा प्रश्न आधी स्वतःला विचारा: त्या संध्याकाळी घरी भाकरी कोण थापणार?