विजेरी पारखावी कशी?

विजेरी ही वस्तू आपल्या इतकी परिचयाची आहे की, तिच्याविषयी काही विचार करावयाचा असतो हेच आपण विसरून गेलो आहोत. दुकानात जावे, खोक्यावरचा मोठ्यात मोठा आकडा पाहावा, समोरच्या भिंतीवर झोत टाकावा आणि डोळे दिपले की पैसे मोजावेत, अशी बहुतेकांची खरेदीची रीत असते. माझे मत नेमके ह्याच्या उलट आहे. नित्याच्या उपयोगाची लहान विजेरी तिच्या सर्वांत प्रखर प्रकाशावरून नव्हे, तर सर्वांत मंद प्रकाशावरून आणि तिच्या पोटातील सेलावरून पारखावी. हे मत काहीसे विक्षिप्त वाटण्याचा संभव असल्यामुळे त्याची कारणे सांगणे भाग आहे.

जुन्या पितळी विजेरीत दोन जाड सेल आणि बारीक तारेचा बल्ब असे. त्या बल्बाचा एकंदर प्रकाश दहा-पंधरा ल्युमेनांच्या घरात भरे. ल्युमेन हे उगमातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप होय. साधी मेणबत्ती सुमारे १२ ल्युमेन प्रकाश देते. म्हणजे आपल्या वाडवडिलांची विजेरी ही आरशाने एका दिशेला वळवलेली मेणबत्तीच होती, आणि तेवढ्यावर त्यांनी विहिरी, गोठे आणि आडवाटा निभावून नेल्या. तारेचा बल्ब विजेचा फार मोठा भाग उष्णतेत दवडतो. पुढे अकासाकी, अमानो आणि नाकामुरा ह्या शास्त्रज्ञांनी निळा प्रकाश देणारा कार्यक्षम डायोड सिद्ध केला. त्यांना २०१४ साली भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या निळ्या प्रकाशाचा काही भाग पिवळा प्रकाश देणाऱ्या स्फुरद्रव्याच्या लेपातून गेला की दोहोंच्या मिश्रणाने डोळ्यांस पांढरा प्रकाश दिसतो. आज घरोघरी असलेला पांढरा एलईडी तो हाच. पूर्वी एका वॅटमागे दहा-पंधरा ल्युमेन मिळत. आता चांगल्या एलईडीपासून १०० किंवा त्याहूनही अधिक मिळतात.

ही मोठीच मिळकत होय. परंतु मिळकत दोन प्रकारांनी खर्च करता येते. तितकाच प्रकाश अनेक पट वेळ मिळवता येतो, किंवा तितक्याच वेळात अनेक पट प्रकाश उधळता येतो. बाजाराने दुसरा मार्ग पत्करला आहे, कारण दिपवणे हे दुकानातल्या दुकानात दाखवता येते. रात्रभर टिकणे तेथे दाखवता येत नाही.

थोडा हिशेब केला म्हणजे खोक्यावरील आकड्यांचा अर्थ उलगडतो. पुन्हा भारता येणारा साधा पेन्सिल सेल १.२ व्होल्टांचा आणि सुमारे २००० मिलिॲम्पिअर-तासांचा असतो. म्हणजे त्यात सुमारे २.४ वॅट-तास ऊर्जा साठते. एका वॅटमागे १०० ल्युमेन धरल्यास त्यातून २४० 'ल्युमेन-तास' निघतील. ते १०० ल्युमेनांच्या प्रकाशात खर्च केले तर सव्वादोन-अडीच तासांत संपतील. १० ल्युमेनांनी खर्च केले तर दिवस आणि रात्र पुरतील. लिथियम-आयन जातीचा १८६५० हा सेल (नावातच त्याचे माप आहे : व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर) सुमारे ११ वॅट-तासांचा असतो. त्यावर चालणाऱ्या बोटभर विजेरीच्या खोक्यावर '१००० ल्युमेन, ६ तास' असे वाचावयास मिळाले, तर शाळेतील मुलालाही हा भागाकार करून पाहता येईल : एक तासाच्या आसपास सारी शिल्लक संपावयास हवी.

मग हे सहा तास येतात कोठून? अमेरिकेत २००९ साली विजेऱ्या मोजण्याची एक प्रमाणपद्धती ठरली आणि ती 'एफएल १' ह्या नावाने अनेक देशांतील उत्पादक वापरतात. तीत विजेरी लावल्यानंतर ३० सेकंदांनी असलेला प्रकाश हा मूळ धरतात, आणि तो त्याच्या दशांशावर उतरेपर्यंतचा काळ 'चालण्याचा काळ' म्हणून छापतात. लहान देहाची प्रखर विजेरी काही मिनिटांतच तापते, आणि तिच्यातील मंडल प्रकाश आपोआप उतरवते. उरलेले तास ती मंदच जळत असते. ह्यात लबाडी नाही. पण १००० ल्युमेनांचे सहा तास मिळतील असे समजून घेणारा फसतो. पल्ल्याचेही तसेच आहे. २०० मीटर पल्ला म्हणजे तितक्या अंतरावर पडणारा उजेड पाव लक्स, अर्थात पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. शिवाय पल्ला दुप्पट करावयाचा तर झोताची तीव्रता चौपट लागते. घराभोवती वावरणाऱ्यास ह्या शर्यतीत पडण्याचे कारण नाही.

डोळ्याची बाजू तर ह्याहून महत्त्वाची. मानवी नेत्र अंधारास पुरता सरावण्यास अर्धा तास लागतो, आणि प्रखर झोताचा एक लखलखाट ही सारी कमाई क्षणात घालवतो. रात्री उठून पाणी पिणाऱ्यास, शेजारी निजलेले मूल जागे होऊ नये असे वाटणाऱ्या आईस, एक-दोन ल्युमेन पुरेसे होतात. पाऊलवाट दिसण्यास वीस ते पन्नास ल्युमेन बहुधा पुरतात. म्हणून कळ दाबताच प्रथम मंद प्रकाश देणारी विजेरी मी चांगली समजतो. लुकलुकणे, संकटाची खूण, अशा नाना करामती प्रत्येक दाबेसरशी पुढे करणारी विजेरी माझ्या मते खेळणे आहे.

हा केवळ सोयीचा प्रश्न असता तर त्यावर इतके लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजाप्रमाणे २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. वर्षाची सरासरी ५८ हजार. ह्यांपैकी निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर ह्या पावसाळी महिन्यांतले आणि बहुतांश खेड्यांतले आहेत. मण्यार रात्रीच हिंडते आणि घरातही शिरते. घोणस आणि फुरसे अंधारात वाटेवर पडून असतात. अनेक राज्यांत शेतीपंपांची वीज पाळीपाळीने रात्री येते, आणि शेतकऱ्यास त्या वेळी बांधावरून जावेच लागते. त्याला पाऊल टाकण्याच्या जागी रोज रात्री, न चुकता, उजेड हवा असतो. पहिल्या दहा मिनिटांत रान उजळून परतीच्या वाटेवर विझणारी विजेरी त्याच्या कामाची नाही.

येथे सेलाचा विचार येतो. मराठीत लोक विजेरीलाच सर्रास 'बॅटरी' म्हणतात. आम्हा भाषांतरकारांना ही ढिलाई खटकते, पण तीत एक शहाणपण दडलेले आहे : विजेरीचे भवितव्य तिच्या सेलातच असते. बाजारात दोन पिनांनी भिंतीवर भारावयाच्या ज्या स्वस्त प्लॅस्टिकच्या विजेऱ्या मिळतात, त्यांपैकी पुष्कळांत लहानसा शिसे-आम्ल संचायक असतो. तो रिकामा ठेवला की त्याच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटाचे स्फटिक बसतात आणि काही महिन्यांत तो निकामी होतो. सेल बदलण्याची सोय नसल्याने सारी विजेरी उकिरड्यावर जाते. जस्त-कार्बनाचे साधे सेल कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात, परंतु त्यांचे जस्ताचे भांडेच झिजत असल्याने ते पाझरतात. अल्कधर्मी सेलही विसरून ठेवल्यास पाझरतात, आणि त्यातून येणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइड धातूचे स्पर्शबिंदू खाऊन टाकते. लिथियम सेल शक्तिमान खरा, पण त्यावर ९९०० मिलिॲम्पिअर-तास असे छापलेले दिसले तर तो हाती घेऊ नये. ह्या आकाराचा चांगला सेल ३०००-३६०० च्या आसपासच असतो. पेन्सिल सेलाच्याच मापाचा १४५०० हा लिथियम सेल ३.७ व्होल्टांचा असतो, आणि निर्मात्याने तसे स्पष्ट सांगितले नसल्यास तो १.५ व्होल्टांच्या विजेरीत घालणे धोक्याचे आहे.

सामान्य कुटुंबासाठी, शाळेच्या कपाटासाठी वा ग्रंथालयासाठी माझी पसंती एका पेन्सिल सेलावर चालणाऱ्या विजेरीलाच राहील. तीत भारता येणारा सेल वापरावा. तो ऐन वेळी रिता झाला तर गावात मिळेल तो सेल घालता येतो. रात्री शेतावर जाणाऱ्याने मात्र १८६५० चा, पण बाहेर काढता येणारा सेल असलेली विजेरी घ्यावी आणि एक भारलेला सेल जवळ बाळगावा.

मोबाइल असताना विजेरी हवी कशाला, असे पुष्कळजण विचारतात. मोबाइलच्या दिव्याचा उजेड झोतात एकवटलेला नसून पसरलेला असतो, म्हणून चार पावलांपलीकडे तो फिका पडतो. आणि सर्पदंश झाल्यावर वाहन बोलावण्यास ज्याची गरज पडणार, त्याच यंत्राची वीज वाट पाहण्यात खर्च करणे मला पटत नाही.

दुकानात विजेरी सर्वांत मंद पायरीवर लावून हातभर अंतरावरचे छापील अक्षर वाचून पाहावे. मग तोच प्रकाश हळदीवर आणि कुंकवावर टाकावा. स्वस्त एलईडीच्या निळसर उजेडात तांबडा रंग मातकट दिसतो, आणि अशा प्रकाशात विजेच्या पेटीतील तांबडी तार कोणती आणि तपकिरी कोणती, किंवा पायावर लागले आहे ते रक्त की चिखल, हे ओळखणे कठीण जाते. शेवटी मागचे झाकण फिरवून सेल बाहेर निघतो की नाही ते पाहावे, आणि झाकणाच्या आट्यांत रबराचे कडे आहे की नाही तेही.