मुडलीचे ग्योझा आणि नावाची नोंद



मागच्या आठवड्यात नातीनं केलेल्या एका पदार्थाचा फोटो मी आपल्या ग्रुपवर टाकला होता. त्यावर जेवढ्या प्रतिक्रिया आल्या तेवढ्या माझ्या जुन्या सुप्याच्या आठवणींवरही कधी आल्या नव्हत्या. एकानं लिहिलं, ‘आता गणपतीला हेच ठेवा.’ एका वहिनींनी विचारलं, जपान आणि अरबस्तानचा आपल्या जोयड्याशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. उत्तर जरा लांब आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

नात मस्कतला वाढलेली. डिसेंबरच्या सुट्टीत रामनगरला आमच्याकडे आली ती बॅगेत सुमाक, बहारात आणि तहिनीची बाटली घेऊनच. सुमाक म्हणजे आंबट लाल पूड, बहारात म्हणजे त्यांचा गरम मसाला, तहिनी म्हणजे तिळाचं वाटण. ‘अज्जा, जपानी पद्धतीचे ग्योझा करणार, पण आत अरबी चव.’ मी म्हटलं, कर बाई, गॅस आहे, पीठ आहे. आत काय भरणार? कोबी नव्हता. बाजारातून मी मुडली आणली होती. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे कुणबी बायका बाजारात कंद घेऊन बसतात, मुडली, कोन (म्हणजे घाटावरचं कोनफळ), कणगी. जोयड्याला तर कंदांचा मेळाच भरतो. तर मुडली.

पहिला घाणा फसला. कसा, ते सांगण्यासारखं आहे. ग्योझाची रीत अशी की सारण कच्चंच भरायचं, तव्यावर थोड्या तेलात बूड लाल करायचं, मग अर्धी वाटी पाणी ओतून झाकण ठेवायचं, पाणी आटलं की बूड पुन्हा कुरकुरीत होऊ द्यायचं. कोबीला एवढी वाफ पुरते. मुडली अळूच्या जातीची, तिला पाच मिनिटांची वाफ म्हणजे नुसती आंघोळ. एकेक तुकडा खाऊन तिघांचेही घसे खाजायला लागले! आमच्या सौ. स्वयंपाकघरात आल्या, काही न बोलता उरलेली मुडली आमसुलं घालून मऊ शिजवली, कुस्करली, आणि नातीला म्हणाल्या, ‘आता घाल तुझा मसाला.’

मग पारी. तिची पारी कडेला फाटत होती. सौ.नी पीठ हातात घेऊन बघितलं आणि विचारलं, गार पाण्यात मळलंस का? उकळतं पाणी घाल, उकडीला घालतो तसं, आणि अर्धा तास झाकून ठेव. नातीनं मोबाईलवर बघितलं तर तिथेही तेच, गरम पाण्यानं मळलेलं पीठ. सौ.ची बोटं आता संधिवातानं वाकलीत, तीन वर्षांत त्यांनी मोदक वळले नाहीत. पण त्या दिवशी पाटावर बसून वीसेक ग्योझांच्या कळ्या त्यांनी काढल्या. फरक एवढाच, की मोदकाच्या कळ्या सगळीकडून वर येऊन शेंडीला मिळतात, ग्योझाला एकाच बाजूनं चुण्या घालून दुसरी बाजू सपाट ठेवायची. त्यांना ते दुसऱ्या ग्योझालाच जमलं.

आता वहिनींचा प्रश्न. ग्योझा मुळात जपानचे नाहीतच. चीनच्या ज्याओझीचं ते जपानी नाव. मांचुरियात राहिलेले जपानी लोक १९४५ नंतर मायदेशी परतले, त्यांनी ती चव घरोघर नेली. आणि वाफवलेलं पुरण आपल्या जिल्ह्याला तरी कुठे नवीन आहे? मुंडगोडला १९६६ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे. बँकेनं माझी बदली तिकडे केली तेव्हा हिवाळ्यात स्वेटर विकायला जाणारे तिबेटी आमचे खातेदार होते. हंगामाआधी कर्ज, हंगाम संपला की फेड. एवढे चोख कर्जदार मला पुढे कुठे भेटले नाहीत. त्यांच्याकडे मी पहिल्यांदा मोमो खाल्ला आणि घरी येऊन सांगितलं, आज खारा मोदक खाल्ला.

अरबी चवीचं तर विचारूच नका. भटकळचे नवायत अरब व्यापाऱ्यांचं मूळ सांगतात, बोलतात कोकणीच्या वळणाचं. त्यांच्याकडची शेवयांची बिर्याणी मी ईदला खाल्ली आहे. इब्न बतूता चौदाव्या शतकात होन्नावरला आला होता, तिथल्या राजाच्या पंगतीतला भात, तूप, लोणची त्यानं लिहून ठेवलीत. दिल्लीत त्यानं खाल्लेला संबूसक म्हणजे आपल्या सामोशाचा पूर्वज. आणि त्या बहारातमध्ये मुख्य काय? काळी मिरी. गेरसोप्प्याच्या राणी चेन्नभैरादेवीला पोर्तुगीज मिऱ्याची राणी म्हणायचे, ती आपल्याच जिल्ह्यातली. ज्या किनाऱ्यावरून मिरी अरबांच्या गलबतांतून गेली, त्याच जिल्ह्यात ती मस्कतच्या पाकिटातून परत आली. यात बाटण्यासारखं काय आहे?

तेव्हा ज्यांना हे ‘असले प्रकार’ वाटतात त्यांच्याशी माझं जमत नाही. चॉकलेटचे मोदक मलाही आवडत नाहीत, पण ते चवीमुळे. नवीन आहेत म्हणून नव्हे.

पण नातीशीही माझं भांडण झालं. तिनं तिच्या मित्रमंडळींसाठी तोच फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘जपानी-अरबी ग्योझा.’ बस्स. मी कॉमर्सचा माणूस, पस्तीस वर्षं खतावण्या बघितल्या. मी म्हटलं, यात एक बाजू लिहिलीस, दुसरी कुठे आहे? मुडलीचं नाव नाही, आमसुलांचं नाही, आज्जीच्या उकडीचं नाही. ती म्हणाली, ‘अज्जा, मुडली कोणाला कळणार?’ मी म्हटलं, दोन वर्षांपूर्वी तुला तरी सुमाक कळत होतं का? कोणीतरी लिहिलं, तू वाचलंस, म्हणून कळलं.

ती हसली, पण मी चिडलो होतो. का ते ग्रुपवरच्या जुन्या माणसांना समजेल. आपलं सुपा काळी नदीच्या धरणात गेलं. धरण १९८७ साली पूर्ण झालं, त्याआधीच आपण सामान उचलून रामनगरला आलो होतो. घर गेलं, देऊळ गेलं, बाजारपेठ गेली, त्याचे पैसे कमी-जास्त मिळाले. पण तालुक्याचं नावही सुपा होतं, तेही गेलं, जोयडा झालं. आज बँकेच्या कुठल्या फॉर्मवर जन्मगाव लिहिलं की काउंटरवरचा मुलगा विचारतो, हे कुठे आलं? नाव एकदा कागदावरून उतरलं की ते पुन्हा चढवणारं कोणी नसतं. मुडलीचंही तसंच होईल. रिसॉर्टवाल्यांच्या मेनूत एखाद्या दिवशी ती ‘जंगली कंदाचे डंपलिंग’ म्हणून येईल, चांगल्या भावानं विकली जाईल, आणि पिढ्यान्‌पिढ्या ती लावून टिकवणाऱ्या कुणबी बाईचं नाव त्यात कुठे नसेल. मिसळायला माझी हरकत नाही. हव्या त्या दोन देशांची चव घाला, पण ज्याचं त्याच्या खात्यात जमा करा.

दुसऱ्या दिवशी नातीनं फोटोखालचं बदललं. आता तिथे ‘जोयड्याच्या मुडलीचे ग्योझा, आज्जीच्या हाताच्या कळ्या, मस्कतचा मसाला’ असं आहे. लांबलचक आहे, तिच्या मैत्रिणींनी थट्टाही केली म्हणे. मग ती मला म्हणाली, तुमच्या ग्रुपवर तुम्ही काय लिहिलं होतं? बघितलं तर मी लिहिलं होतं, ‘नातीचा नवीन पदार्थ.’ सौ.चं नाव मीही घातलं नव्हतं. तेव्हा ही पोस्ट त्या चुकीची दुरुस्तीही समजा.

करून बघायचं असेल त्यांच्यासाठी: मुडली आमसुलं घालून अगदी मऊ शिजवा, गाठ राहता कामा नये. तहिनी नसेल तर पांढरे तीळ नुसते गरम करून वाटा, लाल करू नका, त्यात दही आणि थोडं आगळ घाला. सुमाकची गरज नाही, आगळ पुरतं. मैदा आम्ही वापरला, पुढच्या वेळी तांदळाच्या उकडीचे करू असं सौ. म्हणतात, पण ते तव्यावर चिकटतील अशी मला शंका आहे.

परवाच्या बाजाराला डब्यातून चार ग्योझा नेऊन मुडलीवाल्या मावशींना दिले. त्यांनी एक खाल्ला, दुसरा शेजारी कोन विकायला बसलेल्या बाईला दिला. म्हणाल्या, ‘बरं लागतंय, पण मीठ कमी पडलंय.’ आणि पुढच्या आठवड्याला किती मुडली ठेवू, ते विचारून घेतलं.