कागदावरचं वय आणि अंगातलं वय : सप्तापूरपासून उसाच्या फडापर्यंत

धारवाड : सप्तापुरात कुणाही परीक्षार्थीला वय विचारा, तो वर्षं, महिने, दिवस अशा हिशेबात सांगेल. क्लासेस, अभ्यासिका, पीजी आणि खानावळी यांच्यावर चालणारा हा भाग. विजापूर, बागलकोट, बेळगावकडची पोरं इथं खोल्या करून राहतात आणि जाहिरातीची वाट बघतात. 2025 मध्ये उमेदवार मोठ्या संख्येनं धारवाडच्या रस्त्यावर उतरले, तेव्हा मुख्य मागण्या दोनच होत्या. रखडलेली भरती काढा, आणि तुम्ही भरती काढली नाही म्हणून आमची जी वर्षं वाया गेली, ती वयोमर्यादेत सवलत देऊन परत करा. पलीकडे महाराष्ट्रात एमपीएससी करणाऱ्याचं दुखणंही हेच. खुल्या गटात 38 पूर्ण झाली की फॉर्मच भरता येत नाही.

मुद्दा भरतीचा आहेच. पण त्याच्या मागे एक मोठा प्रश्न उभा आहे, तो फक्त पोरांचा नाही. सरकार माणसाचं वय कसं मोजतं, आणि माणसाचं शरीर ते कसं मोजतं?

सीमाभागात राहणाऱ्याला पहिल्या प्रश्नाची गंमत लवकर कळते. कागलचा सरकारी कारकून 58 व्या वर्षी निवृत्त होतो. कोगनोळीचा टोलनाका ओलांडून निपाणीत आलात की तोच कारकून 60 पर्यंत कामाला धडधाकट ठरतो. कर्नाटकानं 2008 मध्ये निवृत्तीचं वय 58 वरून 60 केलं. महाराष्ट्रानं बहुतेक कर्मचाऱ्यांसाठी 58 च ठेवलं, शिपाई वगैरे चतुर्थ श्रेणीला मात्र 60. म्हणजे महाराष्ट्राच्या लेखी खुर्चीवर बसणारा आधी थकतो आणि फायली वाहणारा नंतर! एसटीचं बघा. कर्नाटकात साठीनंतर तिकिटात 25 टक्के सवलत. महाराष्ट्रात 65 नंतर अर्धं तिकीट आणि ऑगस्ट 2022 पासून 75 पुढच्यांना मोफत. एकाच घरातले दोन सख्खे भाऊ सीमेच्या दोन बाजूंना राहत असतील, तर कोण कधी म्हातारा होणार ते महामंडळ ठरवतं.

बरं, हे सगळं ज्या जन्मतारखेवर उभं आहे ती तरी खरी आहे का? आपल्याकडे पन्नाशीच्या पुढच्या माणसांत 1 जून या दिवशी जन्मलेले इतके का, हे वाचकांना सांगायला नको. शाळा जूनमध्ये उघडायची, मास्तर पोराला डाव्या कानाला उजवा हात लावायला सांगायचे, आणि हात पोचला की रजिस्टरात 1 जून पडायचा. साल अंदाजानं. आता आधारनं त्यात 1 जानेवारीची भर घातली. कागदपत्र नसेल आणि माणसानं नुसतं वय सांगितलं, तर संगणक त्या सालाचा पहिला दिवस लावतो.

ऑक्टोबर 2024 मध्ये यावर दोन गोष्टी पाच दिवसांच्या अंतरानं घडल्या. 24 तारखेला सर्वोच्च न्यायालयानं एका अपघात-भरपाईच्या दाव्यात सांगितलं की आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही. मृताचं वय आधारवर 47 होतं, शाळेच्या दाखल्यावर 45. कोर्टानं दाखला धरला. दोन वर्षांच्या त्या फरकावर भरपाईचा गुणक बदलत होता. मग 29 तारखेला केंद्रानं सत्तरी पार केलेल्या सगळ्यांसाठी उत्पन्नाची अट न घालता पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची आयुष्मान वय वंदना योजना सुरू केली, आणि तिथं वयाचा पुरावा काय? आधारच.

ही झाली कॅलेंडरची बाजू. आता शरीराची.

बी.कॉम.ला घसारा शिकवतात. सोपी पद्धत सरळ रेषेची : यंत्र दहा वर्षांचं, तर दरवर्षी किमतीचा दहावा हिस्सा वजा. यंत्र चाललं काय, झाकून ठेवलं काय, वहीला फरक पडत नाही. दुसरी पद्धत यंत्र-तासांची, म्हणजे ते किती तास राबलं त्यावर झीज. जन्मतारखेवरून काढलेलं वय हे पहिल्या पद्धतीचं पुस्तकी मूल्य आहे. शरीर मात्र दुसरी वही ठेवतं.

ती वही वाचायचा प्रयत्न बराच जुना आहे. कोर्टात आरोपी अल्पवयीन आहे की नाही यावर वाद झाला आणि कागद नसले, की हाडांचा एक्स-रे काढतात. क्रिकेट मंडळ सोळा वर्षांखालच्या स्पर्धांसाठी मनगटाच्या हाडांवरून वय तपासतं, कारण दाखल्यावरचं वय दोन-तीन वर्षांनी कमी लावायची खोड आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पण हाडांचं घड्याळ वाढ पूर्ण होईपर्यंतच चालतं, आणि त्यातही दोन वर्षं इकडे-तिकडे होऊ शकतात हे न्यायालयांनी मान्य केलंय. विशी ओलांडल्यावर त्याचा उपयोग नाही.

2013 मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले स्टीव्ह होर्वाथ यांनी मोठ्यांसाठीचं घड्याळ मांडलं. आपल्या डीएनएवर ठिकठिकाणी मिथाईल नावाच्या बारीक रासायनिक खुणा असतात. कुठला जनुक चालू आणि कुठला बंद, यात त्यांचा हात असतो. वय वाढतं तशा काही ठिकाणच्या खुणा वाढतात, काही ठिकाणच्या पुसट होतात. होर्वाथ यांनी अशी 353 ठिकाणं निवडली आणि त्यांच्यावरून माणसाचं वय साधारण साडेतीन वर्षांच्या फरकानं ओळखता येतं हे दाखवलं. खरी गंमत पुढे झाली. ज्यांचं हे आतलं वय जन्मतारखेच्या पुढे धावतंय, त्यांना आजार आणि मृत्यू लवकर गाठतात असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. 2018 मध्ये मॉर्गन लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातल्या नऊ मोजमापांवरून असाच हिशेब मांडला. त्यात साखर, क्रिएटिनिन, अल्ब्युमिन, पांढऱ्या पेशी अशा गोष्टी आहेत. यातल्या बहुतेक तपासण्या तालुक्याच्या लॅबमध्येही होतात.

फरक किती पडतो? न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात 1972-73 मध्ये जन्मलेल्या हजारावर मुलांचा संशोधक आजवर पाठपुरावा करतायत. ती मंडळी 38 वर्षांची असताना त्यांच्यातल्या 954 जणांची शरीरं तपासली. कुणाचं शरीर 28 वर्षांचं निघालं, कुणाचं 61 चं. दाखल्यावर सगळे 38! आपल्या हुबळीच्या गंगूबाई हनगल नव्वदी ओलांडल्यावरही मैफलीत बसल्या. त्यांच्या निम्म्या वयाला काठी धरलेली माणसंही आपण गावोगाव बघतो. त्यात नशीब किती आणि झीज किती, याची उत्तरं आता थोडीफार मिळू लागलीत.

आणि ही झीज जन्माआधीपासून सुरू होते. यावरचं पायाभूत काम आपल्याच दोन्ही राज्यांत झालंय, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मिशन हॉस्पिटलनं 1934 पासूनच्या बाळंतपणांच्या नोंदी जपून ठेवल्या होत्या. त्यांच्या आधारे 1934 ते 1954 या काळात तिथं जन्मलेले 517 लोक शोधून तपासले गेले आणि 1996 मध्ये निष्कर्ष छापून आले. जन्मताना अडीच किलो किंवा त्याहून कमी वजन असलेल्यांत हृदयविकाराचं प्रमाण 11 टक्के, आणि 3.1 किलोच्या पुढच्यांत 3 टक्के. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोंची, इंग्लंडमधली साडेतीन किलोंची. पण आपली बाळं दिसायला बारीक असली तरी अंगात चरबी तेवढी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू आणि आतले अवयव. पुढे मधुमेह आपल्या लोकांना लवकर का गाठतो, याचा एक धागा इथं आहे. म्हणजे आई अर्धपोटी राबली त्याची नोंद पोराच्या वहीत पहिल्याच पानावर पडते.

फडातलं वय

बीडहून दर हंगामात टोळ्या निघतात, तशा त्या बेळगाव-बागलकोटच्या कारखान्यांवरही येतात. आपल्याकडच्या रस्त्यावरून बैलगाड्या, ट्रॅक्टर जाताना आपण बघतोच. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडेपर्यंत सुटका नाही. एक दिवस खाडा झाला की दंड. पहाटे फडात, दिवसभर मोळ्या डोक्यावर, रात्री अपरात्री गाडी भरायला उठायचं. पाळीचे चार दिवस म्हणजे चार खाडे.

त्यातून काय झालं ते 2019 मध्ये देशभर गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड बायांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली होती. त्यात तिशी-पस्तिशीतल्या बाया होत्या. गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली, तर जी गोष्ट निसर्ग पन्नाशीच्या आसपास सावकाश करतो ती एका दुपारी होऊन जाते. हाडं ठिसूळ व्हायला लागतात, हृदयाचं संरक्षण कमी होतं. 2016 मध्ये होर्वाथ आणि लेव्हिन यांच्याच गटानं दाखवलं की पाळी जितकी लवकर जाते तितकं रक्तातलं हे घड्याळ पुढे पळतं, आणि अंडाशयं शस्त्रक्रियेनं काढलेल्या बायांतही तेच दिसतं.

आता सरकारी वही उघडा. श्रावणबाळ योजनेत महाराष्ट्रात या बाईला 65 वर्षं पूर्ण झाल्यावर महिना 1500 रुपये मिळणार. केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन 60 ला सुरू होते, त्यात केंद्राचा हिस्सा 200 रुपये. 35 व्या वर्षी जिचं शरीर पन्नाशीच्या पुढे ढकललं गेलं, तिनं 65 ची वाट बघायची. आणि ज्याचं शरीर कमी झिजलं, जो जास्त जगणार, तो त्याच योजनेचा, त्याच सवलतीचा जास्त वर्षं लाभ घेणार. नियम सगळ्यांना सारखाच आहे. पैसे मात्र उलट्या दिशेनं वाहतात.

मग रक्त तपासून पेन्शन द्यायची का?

मला विचाराल तर नाही. एकतर ही घड्याळं लोकसमूहाबद्दल जितकं खात्रीनं बोलतात तितकं एकट्या माणसाबद्दल बोलत नाहीत. एकच नमुना दोन पद्धतींनी तपासला तर दोन वयं निघू शकतात. त्यातून बहुतेक घड्याळं परदेशी लोकांच्या रक्तावर बसवलेली. खासगी कंपन्या मात्र आत्ताच 'तुमचं खरं वय जाणून घ्या' म्हणून किट विकायला लागल्यात, आणि सोबत वय कमी करणाऱ्या गोळ्याही. हजारो रुपये घालून आकडा कळेल. त्या आकड्याचं करायचं काय, ते डॉक्टरलाही नीट सांगता येणार नाही. व्यायाम करा, तंबाखू सोडा, नीट झोपा, हे ऐकायला किट कशाला लागतं?

दुसरी भीती मोठी आहे. हा आकडा विमा कंपनीच्या हाती गेला तर? 2024 मध्ये आरोग्य विमा नव्यानं घेण्यासाठीची 65 वर्षांची वरची मर्यादा नियामकानं काढली, ते चांगलंच झालं. पण उद्या जन्मतारखेऐवजी रक्तावर हप्ता लावला, तर सगळ्यात जास्त हप्ता त्याच ऊसतोड बाईला बसेल. नोकरीच्या जागीही तेच. सप्तापुरातला उमेदवार आज जन्मतारखेशी भांडतोय, तिथं निदान सगळ्यांना एकच नियम आहे.

यापेक्षा साधं काहीतरी करता येईल. झीज कुठल्या कामात होते हे शोधायला डीएनए लागत नाही. ऊसतोड, वीटभट्टी, दगडखाण, निपाणीतल्या तंबाखूच्या वखारी आणि विड्या, ही यादी तलाठीसुद्धा देईल. अशा कामात अमुक वर्षं घालवली असतील तर पेन्शन आणि मोफत उपचार साठी-पासष्टीची वाट न बघता, असा नियम होऊ शकतो. अडचण नोंदीची आहे. मुकादमाच्या वहीत कोयत्याची उचल लिहिलेली असते, बाईचं नाव नसतं. म्हणून आधी दोन्ही राज्यांनी एकमेकांची नोंद मानायला हवी; हंगाम कर्नाटकात आणि रेशनकार्ड महाराष्ट्रात, अशी ही माणसं आहेत.

मोजायचंच असेल तर हाताची पकड मोजा. 17 देशांतल्या सुमारे एक लाख चाळीस हजार लोकांच्या एका अभ्यासात, ज्यात भारतही होता, मुठीतली ताकद कमी होणं हा मृत्यूच्या धोक्याचा रक्तदाबापेक्षा चांगला इशारा ठरला. हे 2015 मध्ये प्रसिद्ध झालं. मुठीत धरून दाबायचं ते यंत्र प्राथमिक आरोग्य केंद्राला परवडेल असं आहे. मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं 2017-18 मध्ये पंचेचाळिशीपुढच्या 72 हजारांवर भारतीयांची पाहणी केली, तेव्हा पकडही मोजली आणि चालही. म्हणजे सरकारला ही पद्धत नवी नाही. आशा ताई घरोघरी जातातच, त्यांच्या पिशवीत आणखी एक यंत्र मावेल.

महाराष्ट्रातल्या कर्मचारी संघटना निवृत्तीचं वय 58 वरून 60 करा म्हणून बरीच वर्षं मागे लागल्यात, आणि कर्नाटकाचा दाखला देतात. मागणी चुकीची नाही, कारण कचेरीतला 58 चा माणूस आज खरंच म्हातारा नसतो. त्याच महाराष्ट्रात श्रावणबाळची 65 ची अट फडातल्या बायांसाठी 50 वर आणा, असं म्हणायला मात्र एवढी मोठी संघटना पुढे आलेली नाही.

जाता जाता एक कामाची गोष्ट. वय वंदना कार्ड आधारवरच्या तारखेनुसार मिळतं. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आधारवर 1 जानेवारी पडली असेल आणि शाळेचा दाखला वेगळा असेल, तर दुरुस्ती आत्ताच करून घ्या. जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, त्यामुळे केंद्रावर जाताना मूळ दाखला सोबत न्या, झेरॉक्सवर भागत नाही.