धनैषणेचा संकोच



मेळाव्यांतील प्रश्न दोन प्रकारचे असतात. काही सभागृहात ध्वनिक्षेपकावरून विचारले जातात, तर काही भोजनाच्या पंगतीत, आमटीची वाटी पुढे करता करता. गेल्या हिवाळ्यातील एका मेळाव्यात आमवातावरील व्याख्यानानंतर सभागृहातून आलेले सर्व प्रश्न गुग्गुळाच्या मात्रेविषयी होते. पंगतीत मात्र शेजारी बसलेल्या एका तरुण वैद्याने हलक्या आवाजात विचारले, "सर, एखादा जोडधंदा सुचवाल का?" पदवी मिळून त्याला सहा वर्षे झाली आहेत. रात्री एका खाजगी रुग्णालयात आर.एम.ओ. म्हणून नोकरी, सायंकाळी स्वतःचे चिकित्सालय आणि तेथे दिवसाकाठी सात-आठ रुग्ण. एका मित्राने त्याला विम्याची एजन्सी सुचवली होती, दुसऱ्याने साखळी पद्धतीने खपणाऱ्या पौष्टिक पावडरींचे डबे. चिकित्सेतूनच काही वाढवता येईल, हे त्याला कोणी सुचवले नव्हते आणि त्यालाही सुचले नव्हते.

अर्थार्जनाविषयी उघड बोलणे वैद्याला शोभत नाही, हा समज आपण विद्यार्थिदशेपासून जोपासतो. वस्तुतः चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तिस्रैषणीय अध्यायात प्राणैषणेच्या लगोलग आणि परलोकैषणेच्या आधी धनैषणेला स्थान दिलेले आहे. आयुष्य दीर्घ आणि साधने मात्र नाहीत, ही स्थिती आचार्यांनी स्पष्ट शब्दांत निंद्य मानली असून कृषी, पशुपालन, वाणिज्य व राजसेवा हे उपजीविकेचे मार्ग नावानिशी सांगितले आहेत. त्याच संहितेच्या चिकित्सास्थानात, रसायनाच्या प्रकरणी, चिकित्सेचा बाजार मांडणाऱ्याची निर्भर्त्सनाही आहे. आपण हे दुसरे वचन सभांतून उद्धृत करतो, पहिले विसरतो, आणि व्यवहारात दोन्हींचा भंग करतो. हा भंग कसा होतो, ते मी दुसऱ्या कोणाच्या नव्हे, माझ्याच उदाहरणाने सांगतो.

चिकित्सालय सुरू केल्यावर पहिली पाच वर्षे मी शुल्क कधी तोंडाने मागितले नाही. रुग्णाने "किती द्यायचे?" म्हणून विचारले की मी नजर टेबलावर वळवून "औषधाचे एवढे झाले" असे सांगत असे. माझे शुल्क त्या औषधाच्या किमतीत लपलेले असे. कंपन्यांच्या प्रतिनिधींकडून दहा डब्यांवर दोन मोफत अशा योजनांत माल घ्यायचा, गोळ्या मूळ डबीतून काढून कागदाच्या पुडीत बांधायच्या आणि वर आकडा सांगायचा. हे सर्वच करतात, असे मी स्वतःला समजावीत असे. एक निवृत्त गुरुजी संधिवातासाठी चार महिने माझ्याकडे येत होते. एकदा माझे चिकित्सालय बंद असताना ते दुकानात गेले, तेथे त्यांनी त्याच गोळ्या ओळखल्या आणि डबीवरील छापील किंमत वाचली. पुढच्या खेपेला ते नेहमीप्रमाणे आले, नाडी दाखवली आणि जाताना म्हणाले, "डॉक्टर, तुमचे पैसे वेगळे सांगितले असते, तर मी आनंदाने दिले असते." आवाजात राग नव्हता. ते पुन्हा आले नाहीत.

त्या वाक्याने मला जे शिकवले, ते प्रॅक्टिस-वृद्धीच्या कोणत्याही शिबिरात मिळाले नाही. (अशा एका शिबिराला मी फी भरून गेलो होतो. एका हॉटेलात आम्हा चाळीस वैद्यांना उभे करून "मी यशस्वी आहे" असे तीनदा मोठ्याने म्हणायला लावले. दुसऱ्या दिवशी पहिल्याच रुग्णाने किती द्यायचे म्हणून विचारले आणि माझी नजर पुन्हा टेबलावर गेली.) ज्याला आपण आत्मविश्वासाचा अभाव म्हणतो, तो पुष्कळदा हिशेबातील अस्वच्छतेचा परिणाम असतो, असे माझे मत आहे. आपण नेमके कशाचे पैसे घेत आहोत हे ज्याला स्वतःलाच सांगता येत नाही, त्याचा आवाज खाली जाणारच.

मग मी भिंतीवर फलक लावला. प्रथम तपासणीचे शुल्क, पुनर्तपासणीचे शुल्क, आणि खाली एक ओळ : औषधे येथून घेणे बंधनकारक नाही. पावतीवर शुल्क व औषध या दोन स्वतंत्र नोंदी. पहिले दोन महिने रुग्णसंख्या उतरली. नुसती पुडी मागणारे दूर झाले. घरी काळजीचे वातावरण होते आणि मी रात्रपाळी आणखी वर्षभर चालू ठेवली. ती सोडून एकदम उडी घ्या असा सल्ला मी कोणालाही देणार नाही. मात्र जे रुग्ण राहिले ते प्रश्न विचारू लागले आणि मला त्यांची उत्तरे द्यावी लागली. दहा मिनिटांची तपासणी पंचवीस मिनिटांवर गेली. शुल्क घेतले म्हणजे ते आपल्याला फेडावेही लागते, हा अनुभव मला नवा होता.

आता व्यवसायसंधीकडे वळतो. ती मला बाजारात सापडली नाही. रुग्णांच्या तोंडी रोज येणाऱ्या एका तक्रारीत सापडली. "सुनेची बाळंतपणानंतरची कंबर धरली आहे, मालिश करणारी बाई मिळत नाही." आपल्या ग्रंथांनी दीड महिना सांगितलेला सूतिकाकाल आपल्या घरांत सव्वा महिन्यावर आला आणि आता तर पंधरा दिवसांवर येऊ पाहत आहे. आजी दूर राहते, सुईणी वृद्ध झाल्या, आणि घरातल्या कोणाला बाळंतकाढ्यात काय घालतात हे ठाऊक नाही. गरज घरोघरी आहे, ज्ञान आपल्या अभ्यासक्रमात आहे, आणि मध्ये कोणी नाही. छोट्या व्यवसायाची संधी याहून वेगळी ती काय असणार?

मी सुरुवात केली ती तेलापासून आणि पहिलाच घाणा जाळला. बलासिद्ध तैलाचे प्रमाण आपणा सर्वांना पाठ असते : कल्क एक भाग, स्नेह चार, द्रव सोळा. चार लिटर तिळतेल, एक किलो कल्क, आणि बलाक्वाथ व दूध मिळून सोळा लिटर द्रव. परीक्षेत या प्रमाणाला मला पूर्ण गुण होते. तेल मंद आचेवर किती वेळ राहते आणि दूध घातलेला कल्क बुडाशी कसा धरतो, हे मात्र कोठेही लिहिलेले नव्हते. सायंकाळी रुग्ण तपासायला उठलो, परत आलो तेव्हा वास सांगत होता. चारही लिटर टाकून दिले. दुसऱ्या वेळी रविवार निवडला, पातेल्याशेजारून हललो नाही, कल्काची वात वळते का, ती ज्योतीवर धरल्यास तडतडते का, तेलाला फेस केव्हा आला, हे सर्व वहीत वेळेसह लिहिले. अभ्यंगासाठी खरपाक, नस्यासाठी मृदुपाक हा भेद मी अनेक वर्षे रुग्णांना व विद्यार्थ्यांना सांगत होतो. बोटांना तो त्या दिवशी समजला. वैद्याच्या गुणांत ज्ञानाबरोबर दृष्टकर्मता का सांगितली आहे, याचा उलगडा मला गॅसच्या शेगडीसमोर झाला. त्या तेलाची किंमत सांगताना माझी नजर प्रथमच टेबलावर गेली नाही.

पुढचे सर्व क्रमाने आले. गावातील दोन मावशींना, ज्या पूर्वी बाळंतिणींना न्हाऊ घालीत असत, पुन्हा हाताशी धरले. सिझेरियन झालेल्या स्त्रीच्या पोटाला, जखम पूर्ण भरून प्रसूतितज्ज्ञांनी अनुमती देईपर्यंत, हात लावायचा नाही. बाळाच्या खोलीत धुरी करायची नाही. ताप दिसला तर मालिश थांबवून प्रथम मला कळवायचे, असे नियम त्यांना घालून दिले. बाळगुटी मी या व्यवस्थेत हेतुपुरस्सर ठेवली नाही. पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान हेच माझे मत आहे आणि त्यावर काही ज्येष्ठांची नाराजीही मी ओढवून घेतली आहे. दशमूळाची भरड, शतावरी कल्प, अभ्यंगाचे तेल, पथ्यापथ्याचा हाताने लिहिलेला कागद आणि आठवड्यातून एक तपासणी, एवढाच हा व्याप. मावशींना त्यांचा मेहनताना कुटुंबाकडून थेट मिळतो, त्यात माझा वाटा नाही. आज माझ्या उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा यातून येतो. रात्रपाळी सुटून बरीच वर्षे झाली.

येथे कायद्याची बाजू सांगणे आवश्यक आहे, कारण अनेक मित्र एक तर अकारण भितात किंवा अकारण धाडस करतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० नुसार वैद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनविण्यास उत्पादन परवान्याची अट लागू होत नाही. हेच तेल बाटलीत भरून, नाव छापून, दुकानात विक्रीस ठेवले की ते उत्पादन झाले, आणि मग परवाना, अनुसूची टीप्रमाणे जागा व स्वच्छता, तज्ज्ञ व्यक्ती हे सर्व आले. चार रुग्णांचे केस गळायचे थांबले की लगेच बाटलीवर स्वतःचे छायाचित्र छापण्याची जी घाई अलीकडे दिसते, ती म्हणूनच धोक्याची आहे. तिच्या जोडीला मधुमेह वा वंध्यत्व बरे करण्याची जाहिरात आली, तर १९५४ चा जादुई उपचारांविषयीचा अधिनियमही आड येतो. पनवेलची धूतपापेश्वर १८७२ मध्ये आणि कोट्टक्कलची आर्यवैद्यशाला १९०२ मध्ये उभी राहिली. दोहोंच्या मुळाशी वैद्यच होते. आपणही तेथवर जाऊ नये असे नाही. परंतु शंभर रुग्णांना स्वतःच्या हाताने दिलेले औषध आधी, परवाना नंतर, हा क्रम उलटू नये.

औषधविक्रेत्या मित्रांची अडचण वेगळी आहे. नामांकित कंपन्यांचे च्यवनप्राश व आसव-अरिष्टे आता संगणकावरून सवलतीत घरपोच येतात. त्या स्पर्धेत तालुक्याचे दुकान टिकणार नाही आणि टिकवण्याचा अट्टहासही करू नये. माझ्या गावातील एक जुने काष्ठौषधीचे दुकान तिसऱ्या पिढीत मोबाइलच्या दुकानात रूपांतरित व्हायच्या बेतात होते. मालकांना मी विचारले, "तुमच्या आजोबांकडे माणसे का येत?" ते म्हणाले, "आजोबा मुळी ओळखत." या उत्तरावरच पुढचे सगळे उभे राहिले. अशोकाच्या सालीऐवजी आसुपालवाची साल येते, बृहत्पंचमुळात मुळांच्या जागी खोडाचे तुकडे येतात, हे आपण सर्व जाणतो आणि तरीही निमूटपणे देतो. आम्ही तीन वैद्यांनी ठरवले की काढ्याची चिठ्ठी लिहून द्यायची, मात्र त्यावर एक पैचाही टक्का घ्यायचा नाही. त्यांनी एक लहान दळणयंत्र घेतले. चिठ्ठीप्रमाणे त्या-त्या रुग्णापुरती भरड होते आणि पुडीवर दळल्याची तारीख लिहिली जाते. शार्ङ्गधरांनी चूर्णाची वीर्यवत्ता दोन महिने सांगितली आहे. तारीख लिहू लागल्यावर रुग्णच ती विचारू लागले. पावसाळ्यात शतावरी ओलावा धरते, म्हणून तो माल थोडा-थोडाच मागवायचा, हे त्यांना पहिल्या वर्षीच्या नुकसानीने शिकवले. ओळख न पटलेला माल त्यांनी दोनदा व्यापाऱ्याला परत पाठवला. दुसऱ्या वेळी व्यापाऱ्याने चांगला माल निमूट पाठवून दिला. मोबाइलचे दुकान निघाले नाही.

टक्केवारीचा विषय काढला म्हणून काही वैद्य व काही विक्रेते दोघेही माझ्यावर रुष्ट होतील, याची मला कल्पना आहे. परंतु ज्या चिठ्ठीवर वैद्याचा टक्का आहे, ती चिठ्ठी कोणत्या हेतूने लिहिली हे रुग्णाला कळत नाही, आणि कालांतराने वैद्यालाही कळेनासे होते. विक्रेत्याने चांगला माल दिला तर त्याची किंमत त्याने पुरती घ्यावी. आपण आपले शुल्क पुरते घ्यावे. हिशेबात गॅस, बाटल्या, मजुरी, स्वतःचा वेळ आणि वाया गेलेला घाणा हे सारे धरावे. पहिल्या वर्षी मी स्वतःचा वेळ धरला नाही, म्हणून तेल स्वस्त वाटले आणि मी तोट्यात होतो.

पंगतीतील त्या तरुण वैद्याला यातले निम्मेच सांगता आले, कारण जिलबी आली. नंतर त्याचा दूरध्वनी आला. फलक रंगवायला टाकला आहे, पण आकडा लिहिण्याची जागा कोरी ठेवली आहे, किती लिहू, असे विचारत होता. मी त्याला एका रुग्णासाठी लागणारा वेळ आणि महिन्याचा घरखर्च विचारला. त्याच्याकडे दोन्ही लिहिलेले नव्हते. महिनाभर लिही आणि मग बोलू, असे आमचे ठरले आहे.

तैलपाक प्रत्यक्ष पाहण्याची इच्छा असणाऱ्या सहकाऱ्यांनी महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी अवश्य यावे. आपापली वही व जुने कपडे आणावेत. तेल होईपर्यंत कोणालाही उठता येणार नाही.